टेबलावर दोनच पानं

३ फेब्रुवारी, बुधवार

सासूबाईंनी मटार सोलता सोलता विचारलं, "आपल्याकडे टेबलावर घालायला चांगलं कापड आहे का गं?" या घरात मी आल्यापासून टेबलावर प्लास्टिकच आहे — पुसायला सोपं म्हणून त्यांनीच आणलेलं! कशाला हवंय विचारलं, तर बराच वेळ नुसते मटार. मग हळूच बाहेर आलं. चौदा तारखेला, त्या 'लाल बदामांच्या दिवशी', चष्मेवाले जेवायला येणार आहेत.

चष्मेवाले म्हणजे कोपऱ्यावरच्या चष्म्याच्या दुकानाचे मालक. उंच, विधुर, हळू बोलणारे. सकाळी फिरायला जाताना दोघांची ओळख झाली, एवढं माहीत होतं. पुढचं आज कळलं. बाबा जाऊन बरीच वर्षं झाली, पण आईंना असं लाजताना मी कधी पाहिलं नव्हतं. वर मला शपथ — लेकाला इतक्यात बोलायचं नाही, मी सांगेन. म्हणजे माझं नवऱ्यापुढे तोंडाला कुलूप!

६ फेब्रुवारी, शनिवार

दोघी जुन्या बाजारात गेलो. नवीन काही घ्यायचं नाही हा आईंचा हट्ट. म्हणाल्या, "आम्ही दोघं तरी कुठे नवीन आहोत?"

हिरवट काचेचे दोन पेले मिळाले, एक जरासा बुटका. एका बाजूला कललेलं पितळी मेणबत्तीदान. कोपऱ्यावर डाग असलेली पांढरी चादर — डागावर भांडं ठेवू म्हणे. एरवी भाजीवालीला रडकुंडीला आणणारी ही बाई, आज घासाघीसच नाही!

येताना बसमध्ये खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "तुझे सासरे वाईट नव्हते हो. पण तुला काय आवडतं, असं त्यांनी कधी विचारलं नाही. यांनी विचारलं, तर मला आठवेचना."

'यांनी' म्हणाल्या! त्यांच्याही लक्षात आलं. पुढे घर येईपर्यंत पेल्यांभोवतीचा कागद उलगडून पुन्हा पुन्हा गुंडाळत होत्या.

८ फेब्रुवारी, सोमवार

गोंद हाताला, गोंद केसांना, गोंद दाराच्या कडीला.

११ फेब्रुवारी, गुरुवार

माझ्या विरलेल्या ओढणीचे दोन रुमाल शिवले. आईंनी जुन्या मासिकांच्या पानांची फुलं केली — एका पाकळीवर साबणाची जाहिरात, एकीवर कुणाचा तरी अर्धा कान. जॅमच्या बाटल्यांना पातळ रंगीत कागद चिकटवून दिवे केले.

आणि घोटाळा झाला. हे सगळं लपवलेलं कपाटावरचं खोकं नवऱ्याने उघडून पाहिलं. मला वाटलं, संपलं. तर हा विरघळलेलाच! मी हे सगळं त्याच्यासाठी करतेय असं वाटलं त्याला. इतक्या वर्षांत आपण तुझ्यासाठी कधी काही केलं नाही, असं स्वतःच म्हणाला. दाढी करताना शीळ घालत होता. चौदाला घालायचा शर्ट इस्त्री करून टांगलाय. मी आपली इस्त्रीची वायर गुंडाळत बसले.

आईंना सांगितलं. त्यांनी कपाळाला हात लावला.

१३ फेब्रुवारी, शनिवार

आईंनी आज सांगितलं त्याला. मी ओट्याशी उभी, नळ बंद करून.

तो एवढंच म्हणाला, "बाबांच्या घरात?"

आई शांतपणे म्हणाल्या, "माझंही आहे ना रे हे घर."

तो चपला घालून बाहेर पडला. आईंनी फुलं खोक्यात भरायला घेतली. चष्मेवाल्यांना फोन करून नको म्हणून सांगते म्हणाल्या. मी खोकं ओढून घेतलं. "आई, फोन करायचा नाही!" जन्मात पहिल्यांदा सासूवर आवाज चढवला. आणि त्यांनी मुकाट्याने ऐकलं!

त्याचंही कळतं मला. बिचाऱ्याचं टेबलही गेलं आणि आईही, असं वाटलं असेल. परत आला तो भिंतीकडे तोंड करून झोपला.

१४ फेब्रुवारी, रविवार

प्लास्टिक काढलं. चादर, पेले, रुमाल, दिवे. डागावर भांडं. मेणबत्तीदानाखाली घडी घातलेला पुठ्ठा. आई दारातून बघत राहिल्या. मग पुढे होऊन दोन्ही ताटं जराशी जवळ सरकवली. मी पाहिलंच नाही असं दाखवलं.

हा दुपारीच न बोलता निघून गेला होता. चष्मेवाले आले, स्वतः तासलेला लाकडी चमचा घेऊन — चमचा कसला, वल्हंच! मी वाढून दिलं आणि शेजारी जाऊन येते सांगून सटकले.

हा खालच्या जिन्यात बसला होता. कधीपासून, कुणास ठाऊक. मी शेजारी टेकले. वरून आईंचं हसणं ऐकू आलं. मोठ्याने, श्वास अडकून, मधेच नाकातून फुर्रकन.

"आई अशी हसते?" त्याने विचारलं.

मी म्हटलं, "मीही आजच ऐकतेय."

बराच वेळ तो ऐकत राहिला. मग त्याने विचारलं, मी जेवलेय का. कोपऱ्यावरून सँडविच आणलं. पायरीवर बसून अर्धं अर्धं खाल्लं. खिशातून पुडी काढून माझ्या हातात ठेवली. कानातले. निळे. तिथेच घातले.

१६ फेब्रुवारी, मंगळवार

आज हा ऑफिसातून उशिरा आला. म्हणाला, वाटेत चष्म्याच्या दुकानात थांबलो, डोळे तपासून घेतले.

याच्या डोळ्यांना काहीही झालेलं नाही.