कागदात बसवलेले बारा गणवेश

तीर्थरूप आत्या,

साष्टांग नमस्कार (कंबर धरली आहे, तेव्हा खुर्चीत बसूनच घातला असं समज). तुझा गुडघा आता जिना चढू देतो का? आम्ही मजेत आहोत. सर्वांत मजेत मी, कारण गेली सहा वर्षं कचेरीतून आल्यावर मी ज्यात मान घालून बसायचो, ते कपड्यांचे नमुने आखणारं सॉफ्टवेअर अखेर घरच्याच दुकानात, म्हणजे तुझ्या भाचेसुनेच्या शिवणाच्या दुकानात, कामाला लागलं.

तुलाही अभिमान वाटावा म्हणून सांगतो. हे आम्ही तेरा जणांनी मिळून लिहिलं, आणि आम्ही एकमेकांना कधी भेटलेलो नाही (म्हणूनच सहा वर्षं टिकलात, असं ही म्हणते). ते फुकट आहे, त्याला मालक नाही, आणि आत काय चाललंय ते कुणीही उघडून पाहू शकतो, बदलूही शकतो. हे सगळं मी दुकानातल्या कटिंग मास्तरांना समजावून सांगितलं. ते म्हणाले, "भाऊ, मला आत नाही बघायचं. बाही कुठाय?" बाही चौथ्या यादीत सातव्या ओळीवर होती. इतके पर्याय विकतच्या सॉफ्टवेअरमध्ये मिळत नाहीत.

त्याच आठवड्यात जवळच्या दवाखान्यातून नर्सच्या गणवेशांचं काम आलं. आधी बारा शिवा, नीट बसले तर पुढचे दीडशे तुमचेच, असं मेट्रनबाईंनी सांगितलं. हिने नमुना आखला आणि छापायला गेली, तर पडद्यावर प्रश्न आला: मूळ मापात छापायचं, कागदात बसवायचं, की टक्केवारी सांगता? आधीपासून कशावरही खूण नव्हती, कारण ती कशावर असावी यावर आमचा अकरा महिने वाद झाला आणि शेवटी वापरणाऱ्याचं स्वातंत्र्य जपायचं ठरलं (हा ठराव माझा). दुकानातला कागद रुंद, पण नमुना कडेने थोडा बाहेर जात होता. तो जाऊ नये म्हणून हिने 'कागदात बसवा' निवडलं. सॉफ्टवेअरने आज्ञाधारकपणे प्रत्येक भाग थोडा थोडा लहान केला. मास्तरांनी ताडून पाहायला टेप काढलाही होता, पण मीच म्हटलं, कॉम्प्युटरचं माप कशाला मोजता. मेट्रनबाईंनी पहिला गणवेश घालून सलाईनची बाटली टांगायला हात वर केला, तो वरच राहिला. दोन नर्सनी मिळून त्यांना सोडवलं.

हिने कॉम्प्युटरवर खोळ चढवली आणि वर खाकी कागदाची गुंडाळी ठेवून दिली. ते मला फार लागलं. मी आमच्या मंडळींना कळवलं, तर एकाचं उत्तर आलं की सगळं खुलं आहे, तूच दुरुस्त कर. म्हणून जुन्या तक्रारी चाळल्या. तीन वर्षांपूर्वी कुणा शिवणाऱ्या बाईंनी हेच लिहिलं होतं: गिऱ्हाइकाचा सदरा त्याच्या मुलाला आला, माझं काय चुकलं? खाली उत्तर होतं, "माहितीपुस्तिकेचं एकोणिसावं पान वाचा." उत्तर देणारा मी. त्या बाई पुन्हा कधी फिरकल्या नाहीत. आत्या, मला लाज वाटली. आमच्या तेरा जणांत एकालाही सुईत दोरा ओवता येत नाही, आणि जिला येत होता तिला आम्ही पान नंबर सांगून वाटेला लावलं.

तरी अभिमान आहेच. मालक असता तर अर्ज करून वाट बघत बसलो असतो. इथे मी रविवारी सकाळी उघडलं आणि जेवायच्या आत एकच बटण करून टाकलं: 'छापा'. माप खरं, कागद लागतील तितके. वाद पुन्हा सुरू झाला आहे, होऊ दे.

तुझा गुणी (अजूनही) भाचा

ता. क. खरं काम राहिलंच. हिची अट अशी की कॉम्प्युटरला कधी हात न लावलेल्या, पण शिवण जाणणाऱ्या माणसाने मला न विचारता एक झबलं छापून दाखवलं, तरच खोळ निघेल. असं माणूस माझ्या माहितीत तूच. आठ दिवस ये. मी मागे बसून तू कुठे अडतेस ते लिहून घेईन, अवाक्षर काढणार नाही.

आणखी ता. क. (पत्र पेटीत टाकायला माझ्याकडे दिलंय, म्हणून ही भर माझी.) आत्या, हे गप्प बसणार नाहीत, तुम्हाला ठाऊकच आहे. त्या बारा गणवेशांना बगलेत पट्ट्या लावून मी काम राखलं. बाकीच्या दीडशेचे नमुने, हे कचेरीत गेले की खोळ काढून त्याच बटणावर छापते आहे. बटण फार छान केलंय. पण तुम्ही याच, आणि त्यांना यातलं सांगू नका, नाहीतर शेजारी दुसरं बटण करतील.