माझ्या जागेवर तुम्ही उभ्या होत्या

आत्याबाई, आज दुपारी नातसुनेनं फोनवरच हापिसात कळवलं की उद्या येत न्हाई, आन् फोन ठेवून चहा टाकायला गेली. बस, एवढंच. मी म्हणलं, "अगं, आन् तुझी जागा?" ती हसली. "जागा कुठं जातीय आजी? वर्षाच्या रजा ठरलेल्या असतात, लिहून दिलेल्या." मंग मी खाटेवर कलंडले आन् डोळा लागतो न लागतो तोच तुम्ही आल्या. पदर नाकावरून बांधलेला, भुवयांवर रुई, पापण्यांवर रुई. नुसत्या उभ्या. उठून कागद घेतला. लिहायला मी तुमच्या माघारी शिकले, प्रौढांच्या वर्गात. अक्षर म्हणजे कोंबडीनं उकिरडा उकरावा तसं हाय, हसू नका.

धावड्याहून लगीन होऊन जालन्यात आले तवा निजामाचं राज्य होतं. दुसऱ्या सासवा सुनेला पाटल्या घालत्यात, तुम्ही मला कापसाच्या जिनातली, सरकी काढायच्या कारखान्यातली जागा दिली. हाताला धरून नेलं, खिडकीजवळच्या यंत्रापुढं उभं केलं आन् म्हणल्या, "ही माझी जागा. माझे गुडघे गेले, आता तुझी. कापूस असा सोडायचा, बोटं अशी मागं घ्यायची. यंत्राला माणूस कळत न्हाई, ध्यानात ठेव." खिडकीतून उन्हाचा एक पट्टा आत यायचा आन् त्यात रुईचे तंतू तरंगत राह्यचे, ना वर जायचे ना खाली. यंत्रांचा आवाज एवढा की थोड्या वेळानं तो ऐकूच यायचा न्हाई. सगळ्या बाया पांढऱ्या झालेल्या, पदर डोळ्यांपर्यंत ओढलेले. म्हातारी कोण आन् तरणी कोण, ओळखू यायचं न्हाई. मला त्या उन्हाच्या पट्ट्यात पोहल्यासारखं वाटायचं. दिस कधी कलला ते भोंगा सांगायचा तवाच कळायचं.

उजाडायच्या आत पहिला भोंगा, अंधारून आल्यावर शेवटचा. हंगाम चालू असला की सुट्टी म्हणून न्हाईच. अवसेला तेवढं जीन बंद, तेबी बॉयलर धुवायचा म्हणून. "बॉयलर नशीबवान गं बाई," असं तुम्ही म्हणायच्या, "त्याला न्हाऊमाखू घालत्यात आन् आपल्याला कापूस वाळवायला बोलावत्यात." नोकरीचा कागद कुणाकडंच नव्हता. शेठ बोलायला मोठे गोड. मारवाडातून आलेलं घराणं, पण पिढ्यान् पिढ्या इथलंच. "घरची माणसं तुम्ही, घरात कधी कागद करत्यात का?" असं ते म्हणाले की बाया खुश. कागदाच्या जागी आपल्याकडं एकच रीत होती, बदलीची. तुम्हाला यायचं न्हाई, तर तुमच्या जागेवर आपलं माणूस उभं करा, बहीण, जाऊ, सासू, कुणीबी. यंत्र रिकामं दिसलं न्हाई की जागा राह्यली. म्हणजे एक बाई बसायची ती दुसरी उभी राह्यली म्हणून. यालाच आपण सुट्टी म्हणत होतो आन् त्यात काही वंगाळ हाय असं कुणाच्या डोक्यातबी आलं न्हाई.

मंग नवा मुकादम आला, हैद्राबादेकडचा. पहिल्याच दिवशी म्हणला, "बदली-वदली नक्को. जिसकी जगह, वोइच खडी रहेंगी. नै आई, तो जगह गई." फाटकाबाहेर कामाला माणसं बसलेलीच असायची, त्याला बरं फावलं. आन् त्याच आठवड्यात माझा भाऊ छकडा घेऊन आला. आईनं अन्न सोडल्तं. सारखी माझं नाव घेऊन राह्यली म्हणला.

मी चुलीपुढं बसले. जावं तर जागा जाती, आन् त्या हंगामात घरातली चूल त्या जागेवरच पेटत होती, तुमचा लेक तापातून नुकताच उठल्ता. न जावं तर आई जाती. मी म्हणलं, "आत्याबाई, अवसेपर्यंत थांबते." तुम्ही टाकलेली भाकर तव्यावर तशीच राह्यली, करपली. "अवसेपर्यंत थांबायला तुझ्या आईनं काय यमाला बदली दिलीया का?" असं म्हणून तुम्ही माझं लुगडं दांडीवरून काढलं, गठुडं बांधलं. "जाय. जागेचं मी पाहते." मी म्हणलं, तुमचे गुडघे? "गुडघे माझे हायत. तू जाय म्हणलं ना!"

धावड्याचे ते दिवस मला आता धुक्यातून पाहिल्यासारखे दिसत्यात. अंगणात कडुनिंबाची सावली, आईचं डोकं माझ्या मांडीवर. ती मधूनच डोळे उघडायची आन् विचारायची, "सुट्टी दिली का गं तुला?" मी म्हणायची, दिली. "भली माणसं दिसत्यात," असं म्हणून ती परत झोपायची. तिच्या केसांतून बोटं फिरवता फिरवता माझी बोटं आपोआप मागं यायची, कापूस सोडल्यासारखी. तिनं ते पाहिलं आन् हसली. मंग एका सकाळी हसली न्हाई. जालन्याला खबर पोचली, मंग तिकडचा एक गाडीवान गावात आल्ता, त्याच्याजवळ तुमचा निरोप होता: तेरावं केल्याबिगर यायचं न्हाई, जागा हाय.

जागा कशी होती ते मला तुम्ही कधी सांगितलं न्हाई. ते सांगितलं शेजारच्या यंत्रावरच्या काकूनं. म्हणली, तुझी सासू पहाटेच फाटकात आली, तोंड झाकलेलं. आम्हाला एवढंच म्हणली, "बायांनो, आज कुणी आपल्या जागेवर उभं राहू नका." मंग काय, हिच्या जागेवर ती आन् तिच्या जागेवर ही. रोज नव्यानं. मुकादम ओळीनं हिंडतोय, पदर डोळ्यांवर, वरून रुई, त्याला समद्या सारख्याच. "ये किसकी जगह है?" "माझीच, साहेब." "अन् ये?" "हीबी माझीच." तो लालबुंद. म्हणला, हे बराबर न्हाई, यातली एक बदली हाय. तवा तुम्ही पुढं झाल्या. "असंल. मंग कागद दाखवा ना मुकादम. कुणाची जागा कोणती, कुठं लिव्हलंय?" तो तणतणत शेठकडं गेला. शेठ म्हणं गादीवर हसले, "काम चालू आहे ना? मग चालू दे." कागद नसल्याचा फायदा आपल्याला जलमात तेवढा एकदाच झाला, आत्याबाई. पुढच्या हंगामात कुणाची जागा कुठं लिव्हलेलीच न्हाई म्हणून निम्म्या बाया कामाबिगर फाटकाबाहेर बसल्या, काकूबी. तिनं मला कधी बोल लावला न्हाई, पण मी तिच्याकडं पाहायची आन् मान खाली घालायची.

तेरावं करून मी आले तवा तुम्ही भिंतीला टेकून बसल्या होत्या, पाय लांब सोडून. गुडघे दुधी भोपळ्यासारखे सुजलेले, घोट्यावरची कातडी चकाकत होती. पहाटेपासून अंधार पडेस्तोवर रोज त्या पायांवर! मी गठुडं टाकलं, तुमचे पाय मांडीवर घेतले आन् अशी हंबरडा फोडून रडले की अख्खी गल्ली गोळा झाली. तुम्ही मला खसकन ढकललं. "माझे पाय काय रडतीस? तुझी माय मेलीया, ती रड!" बाया म्हणल्या, रडू द्या, आईचं दुःख हाय, आता बाहेर निघालं. तुम्ही मंग माझ्या पाठीवरून हात फिरवत बसल्या. तुमच्या हाताला सरकीचा वास होता.

आता नातसून दुसऱ्यांदा चहा घेऊन आली, विचारती कुणाला लिहून राह्यलात. म्हणलं, कुणाला न्हाई. हा कागद कुठल्या टपालपेटीत टाकायचा न्हाई, मला ठाऊक हाय. उद्या ती घरी हाय, दिवसभर लोळंल, मी तिला लोळू देणार. एक मात्र तुम्हाला सांगायचं राह्यलंय. धावड्याला आई गेली तवा माझ्या डोळ्यांतून टिपूस आलं न्हाई, तेराव्यालाबी न्हाई. त्या दिवशी जे रडले ते आईसाठी नव्हतं, तुमच्या पायांसाठीच होतं. तिकडं ती भेटली तर तिला हे सांगू नका.