डेल्मरचे ऐंशी तास

१२ जानेवारी

सरकारी कचेरीतून पत्र आलं. चौसष्ट वर्षांपर्यंतच्या सगळ्यांनी महिन्याला ऐंशी तास काम दाखवायचं. नाही दाखवलं तर तीन वर्षांत तीनच महिने धान्याचं कार्ड चालणार. मी छप्पन्न वर्षांची. मी राबायचे ते म्हाताऱ्यांच्या नर्सिंग होमचं स्वयंपाकघर बंद पडल्यापासून या खोऱ्यात काम आहे कुणाकडे?

१५ जानेवारी

चर्चच्या धान्यवाटपात फुकट राबलं तरी तास धरतात म्हणे. ते ओपल चालवते. तिने मला टेबलावर बसवलं — राबायला कोण आलं, किती तास थांबलं ते लिहायचं, खाली सही करायची.

३ फेब्रुवारी

डेल्मरला धान्यवाटपात राबायला ओढून नेलं. शेजारचाच, माझ्या नवऱ्याबरोबर, हॅरलनबरोबर, कोळशाच्या खाणीत होता. हॅरलन गेला, याच्या छातीत कोळसा राहिला. बटाट्यांची दोन पोती उचलली आणि भिंतीला टेकून खाली बसला. ओठ निळे. डॉक्टरचा कागद आणलास तर सूट मिळेल, म्हटलं. दवाखान्याची तारीख एप्रिलमधली, आणि जायला गाडी नाही. वर म्हणतो, "तीस वर्षं डोंगराच्या पोटात काढली. आता मी कामाचा नाही असं लिहून आणू?"

१० फेब्रुवारी

डेल्मर आज आला नाही.

२७ फेब्रुवारी

त्याचे तास भरले सव्वीस. मी ऐंशी केले. एकेक तारीख टाकत गेले, खाली सही ठोकली.

त्याला सांगितलं. तर म्हणाला, उगाच माझ्यापायी अडकशील. कोण बघतंय, म्हटलं मी.

४ मार्च

त्याचं कार्ड चालू राहिलं. संध्याकाळी मक्याचा पाव घेऊन आला, स्वतः भाजलेला, एका बाजूने करपलेला. माझ्याकडे शिजवलेला घेवडा होता. हॅरलन खाणीत डबा विसरायचा आणि सगळ्यांच्या डब्यात हात घालायचा, ते सांगत बसला. किती दिवसांनी हसले मी.

१७ मार्च, मंगळवार

कचेरीतून फोन. बाई होती, बोलायला गोड. डेल्मरच्या कागदावर सहा फेब्रुवारीचे आठ तास आहेत, त्या दिवशी तर बर्फामुळे चर्च बंद होतं ना? खालची सही तुमचीच का?

बर्फ! माझ्या ध्यानातच नव्हतं.

खोट्या तासांखाली माझी सही आहे म्हटलं की माझंही कार्ड जाणार. ओपल टेबलावरून उठवणार, मग माझे तास कुठून आणू? हे सगळं एका श्वासात डोक्यातून गेलं.

"नाही," म्हणाले. "माझी नाही ती."

तिने पुन्हा विचारलं. पुन्हा तेच सांगितलं.

१८ मार्च

डेल्मरच्या घराकडच्या खिडकीचा पडदा ओढून घेतलाय.

२० मार्च

डेल्मर आला होता. बसला नाही. फसवणूक केली म्हणून त्याचं कार्ड वर्षभर बंद. दारातच दम खात उभा राहिला, मग म्हणाला, "तू घाबरू नकोस, व्हर्ना. सोमवारीच कचेरीत बोलावलं होतं. सही मीच मारली म्हणून सांगून आलोय. तुला कुणी विचारलं तर फक्त नाही म्हण."

मी म्हटलं, "बरं."