पुढे सरकवलेला पेला

पपा, आज चर्चमध्ये प्रभुभोजनाचा रविवार होता. द्राक्षरसाच्या इवल्या पेल्यांचा ट्रे माझ्यापाशी आला आणि तुमची आठवण झाली. रागही आला तुमचा, दमलेल्या माणसाला येतो तसा, मुकाट.

सेक्टर बावीसमधलं आपलं भाड्याचं घर आठवतं. चर्चमधली उपासना हिंदीत, म्हणून बुधवारी संध्याकाळी आपल्याकडे मराठी प्रार्थना व्हायची. चंदिगडमध्ये मराठी ख्रिस्ती घरं ती किती! आई आत पोह्यांना फोडणी देते आहे आणि तुम्ही आम्हा दोघी बहिणींना सांगता आहात, पाप वाळवीसारखं असतं, वरून दार धडधाकट दिसतं आणि बोट लावलं की आत नुसती माती. ताई विचारते, "मग पपा, वरून पॉलिश कशाला करायचं?" तुम्ही हसता. तेव्हा हसायचात तुम्ही. पाप म्हणजे दारू, जुगार, खोटं बोलणं, असं आम्हाला वाटायचं. रागाचं नाव तुम्ही कधी घेतलं नाहीत.

मग एका बुधवारी तुमच्याच ऑफिसातले काका, तुमचे जिवलग, डोळे मिटून मोठ्यानं म्हणाले, "प्रभू, या घरच्या कर्त्या पुरुषाचा अहंकार मोड. हाताखालच्या माणसांशी नम्रपणे वागायला त्याला शिकव." आपल्या लोकांची ही जुनी खोड. तोंडावर बोलायची छाती नसली की देवाच्या कानात सांगायचं, तेही चारचौघांत. आणि प्रार्थनेत मध्येच उत्तर देता येत नाही. सगळ्यांनी आमेन म्हटलं. आईनंही, सवयीनं. तुम्ही म्हटलं नाहीत.

बुधवार बंद झाले. भावाविषयी, म्हणजे कुणाही माणसाविषयी, मनात अढी असताना प्रभुभोजन घेऊ नये, ही आपली रीत. ती मात्र तुम्ही काटेकोर पाळलीत. अढी सोडायची, तर पेला सोडलात. वर्षानुवर्षं ट्रे पुढे सरकवलात आणि त्यालाच प्रामाणिकपणा म्हणालात. काकांची बदली झाली तेव्हा ते दारात आले. "वहिनी, दादा आहेत का? माझं चुकलं, एवढंच सांगायचंय." आतल्या खोलीतून तुम्ही नकारार्थी मान हलवलीत. आई म्हणाली, "झोपलेत." पुढे तिच्याशीही बोलणं कमी केलंत, तिनं आमेन म्हटलं होतं ना. मग आमच्याशी. घर इतकं गप्प झालं की शेजारची आंटी विचारायची, "सब ठीक है जी?" तुम्ही गेलात तेव्हा काका लांबचा प्रवास करून आले. शवपेटीपाशी बसून म्हणत राहिले, "दादा, उठा की." मला ते बघवलं नाही.

आपण असं व्हायचं नाही, असं मी तेव्हा पक्कं ठरवलं होतं. पण आईचं शेवटी कुणी किती केलं, यावरून ताईशी बोलणं तुटलं ते तुटलंच. आज पेला मीही घेतला नाही.

खरं सांगू? हे पत्र तिलाच लिहायला बसले होते. वर 'ताई' लिहिलं, आणि खोडून 'पपा' केलं. तुमचं उत्तर येणार नाही. तिचं येईल.