मिरजगावची जीप, बेलापूरची जीप

पप्पा, मी जीप घेतली. जुनीच आहे, पण चारही चाकांना ताकद देणारी, फोर बाय फोर. घेताना तुमचा इतका राग आला की शेवटी लिहायला बसले. तुम्हाला जाऊन सतरा वर्षं झाली, भांडायचं तर दुसरी सोय नाही.

तिसगावला मी जनावरांची डॉक्टर आहे, हे तुम्ही पाहिलं नाहीत. डोंगरातल्या वस्त्यांवरून मला फोन येतात. गेल्या पावसाळ्यात एका वस्तीवर गाय अडली. माझी लहान गाडी चढणीच्या चिखलात रुतली, चाकं जागच्या जागी फिरत राहिली. बॅग खांद्याला लावून मी चालत वर पोचले, तोवर वासरू पोटातच गेलं होतं. तासाभरात गायही गेली. घरच्या बाईनं तरीही मला चहा केला. म्हणाली, "आल्या हेच लई झालं, ताई. पर वाईच आधी आल्या असत्या..." त्याच आठवड्यात मी ठरवलं की आता जीपच घ्यायची. आणि मग सुरू झाला वैताग. ज्याला विचारावं तो वेगळं सांगे. कुणी म्हणे, मॉडिफाय केलेलीच घ्या, डोंगरात साधी काय कामाची? कुणी म्हणे, दुसऱ्यानं कापाकापी केलेली गाडी दारात उभीसुद्धा करू नका.

पहिली पाहिली ती मिरजगावची, मॉडिफाय केलेली. उंच उचललेली, रुंद टायर, पुढे रुतलेली गाडी ओढून काढायचा विंच, टपावर दिव्यांची लांब पट्टी. मालक तरुण होता, आणि बोलत होता तुमच्या जावयांशी. "सर, ही कुठंबी चढती. भिंतीवर म्हनाल तर भिंतीवर." तुमचे जावई शाळेत शिक्षक आहेत, त्यांना सायकलपलीकडे काही चालवता येत नाही. मी म्हटलं, "चालवणार मी आहे." तो म्हणाला, "व्हय का? मग सरांना शेजारी बसू द्या, बरं असतं." मी गाडी कोरड्या ओढ्यात घातली. पप्पा, काय चढली ती! दगडगोटे, वाळू, काही जाणवेना. मी एकटीच मोठ्यानं हसले. मनात सौदा झाला होता. परत हायवेला आले, ब्रेक दाबला, आणि गाडी डावीकडे ओढली गेली. पुन्हा दाबला, पुन्हा तेच. मग परत येऊन मालकाकडे अंथरायला पोतं मागितलं आणि गाडीखाली शिरले.

तुम्ही ड्रायव्हर होतात त्या मिशन दवाखान्याच्या मागचं आवार. शनिवारची दुपार. तुम्ही मिशनच्या जीपखाली आहात, बाहेर फक्त तुमचे पाय दिसतात. भाऊ खेळायला गेलाय, म्हणून टॉर्च धरायला मला बोलावलंय. तुम्ही म्हणता, "हा ब्रेकचा रबरी पाइप. चाक खड्ड्यात उतरलं तरी याला ढील पायजे. ताणला की घात." मला सांगता की स्वतःशीच बोलता, कळत नाही. मग तुम्ही हात धुवायला जाता, मी सीटवर चढून गिअरच्या दांड्यावर हात ठेवते, आणि मागून आवाज येतो, "हात काढ तिथनं! पोरीच्या जातीनं गिअरच्या नादाला लागायचं नसतं." मी बारा वर्षांची आहे. पुढच्या वर्षी त्याच आवारात तुम्ही भावाला गाडी शिकवलीत. मी भिंतीवर बसून बघत होते. त्याला तुम्ही किती हळू आवाजात समजावत होतात.

मिरजगावच्या जीपचा पाइप तारेसारखा ताणला होता. गाडी वर उचलली होती, पाइप जुनाच ठेवला होता. चाकांवरच्या स्प्रिंगच्या पाट्या धरणाऱ्या कड्यांवर वेल्डिंगचे गोळे होते, आणि या सगळ्या बदलांचा आरसी बुकात एका अक्षराचाही उल्लेख नव्हता. मालक म्हणाला, "एवढं कोन बघतं, मॅडम?" मी कपडे झटकले आणि आम्ही निघालो. हवी होती मला ती गाडी.

बेलापूरची जीप साखर कारखान्यातून निवृत्त झालेल्या एका शेती अधिकाऱ्यांची. जशी कंपनीतून आली तशी. "एक नटसुद्धा बदललेला नाही," ते अभिमानानं म्हणाले. तुमचे जावई खूश झाले. मी फोर-व्हीलचा दांडा ओढला. हलला नाही. दोन्ही हातांनी ओढला, तरी नाही. अधिकारी म्हणाले, "तो कधी वापरलाच नाही हो. गरजच पडली नाही." मला त्या दांड्याला लाथ घालावीशी वाटली. एकानं न समजता सगळं बदललं, दुसऱ्यानं जपून जपून गंजवलं, आणि निवड मी करायची! नगरच्या मेकॅनिकला विचारलं. तो म्हणाला, बेलापूरचा दांडा खोलून सुटेल, मिरजगावचा पाइपही बदलता येईल, पण तिच्या वेल्डिंगची हमी मी देणार नाही. म्हणून बेलापूरची घेतली. दांडा सोडवायला त्याला दोन दिवस लागले. टायर तेवढे चांगल्या पकडीचे घातले, बाकी कशाला हात लावला नाही.

मागच्या आठवड्यात त्याच वस्तीवरून फोन आला. शेळी फुगली होती. पाऊस होता, तोच चिखल होता. दांडा टाकला आणि वर गेले. शेळी वाचली. तरी राग जात नाही, पप्पा. तुमचं एक वाक्य माझ्या कामी आलं, आणि तेही टॉर्च धरायला दुसरं कुणी नव्हतं म्हणून माझ्या कानावर पडलं. बाकीची सगळी तुम्ही भावाला सांगितलीत. परवा पुण्याला त्याला फोन करून विचारलं, तर म्हणाला, "पाइप? कुठला पाइप?" तो आता बिनगिअरची गाडी चालवतो. मी शिकले तुम्ही गेल्यावर, ड्रायव्हिंग स्कूलमध्ये, परक्या माणसाकडून.

किल्ली देताना बेलापूरच्या अधिकाऱ्यांनी विचारलं, "गाडीतलं एवढं तुम्हाला कुणी शिकवलं?" मी म्हटलं, "वडिलांनी. ड्रायव्हर होते ते. लहानपणीच शेजारी बसवून शिकवलं." तुमच्या जावयांनी शेजारून मान डोलावली. लग्न ठरताना मी त्यांनाही हेच सांगितलं होतं. अजून ते खरं धरून चालतात, मुलांनाही सांगतात. म्हणून हा कागद घरात कुठे ठेवावा ते मला कळत नाही.