चाळीसवर थांबणारा कर्सर

८ जानेवारी १९९६, सोमवार
तळोज्याच्या कारखान्यात आज रुजू झाले. कॉम्प्युटरची खोली पहिल्या मजल्यावर, एसी लावलेली, खिडकी टाक्यांच्या बाजूला. युनिक्सचं मशीन माझ्या एकटीच्या ताब्यात. आईला पीसीओवरून कळवलं: टेबल मोठं आहे, खुर्ची फिरते.

काम सोपं आहे. टाक्यांजवळचं यंत्र हवेतला वायू मोजून आकडे मशीनमध्ये पाठवतं. मी एडिटर उघडायचा, त्यातल्याच शेलमध्ये, म्हणजे मशीनला हुकूम द्यायच्या जागी, दर तासाला एक लांब कमांड द्यायची, की अहवाल तयार. कमांडमध्ये चाळीसची मर्यादा घातलेली आहे; चाळीसपर्यंत हवा सुरक्षित मानतात. वरचा प्रत्येक आकडा चाळीस म्हणूनच जातो. मॅनेजर देवल म्हणाले, यंत्र जुनं आहे, उगाच मोठे आकडे दाखवतं.

फोरमन देवजी पाटील डोकावून गेले. शेजारच्या गावचे; कारखाना उभा आहे ती जमीन त्यांच्याच भावकीची होती. मागची बायही अशीच काडी होती म्हणाले, आणि तुझ्यासाठी सुकट आणतो.

९ जानेवारी
कमांड पुन्हा टाइप करावी लागत नाही. दोन कळा दाबल्या की आधीची समोर येते. अशा वेळी कर्सर ओळीच्या शेवटी असायला हवा. इथे तो चाळीसमधल्या चारवर उभा राहतो. वीस वेळा करून पाहिलं, वीसही वेळा तिथेच. इतर कमांड आणल्या की शेवटी, बरोबर. दोष या एकाच ओळीत आहे.

११ जानेवारी
हे मशीन आधी ऋता नावाची मुलगी सांभाळायची. देवलांच्या म्हणण्याप्रमाणे तिने राजीनामा दिला. रिसेप्शनवरच्या विजयमालाताई म्हणाल्या, राजीनामा कसला, भर सकाळी वायू वर आला आणि तिला याच खुर्चीतून उचलून नेली. अँब्युलन्स येईपर्यंत संपली होती.
त्या तासाचा अहवाल काढून पाहिला. चाळीस.

१२ जानेवारी
मूळ आकडे पाहिले. ९६. १२०. ८८. यंत्रही पाहून आले. वरच्या चिठ्ठीवर ते बसवल्याची तारीख मागच्याच दिवाळीची आहे.
देवलांकडे गेले. ते रागावले नाहीत. सहा महिने प्रोबेशन आहे, याची आठवण दिली. मग म्हणाले, "तुम्ही फक्त एंटर दाबायचं, मॅडम. सही माझी असते."
परत आले आणि एंटर दाबलं.
दुपारी पाच ओळींचा प्रोग्रॅम लिहिला: जुनी कमांड आली की कर्सर मुकाट शेवटी. चालला. आता त्या आकड्याकडे बघायचं कारण उरलं नाही. काम सुबक झालं.

१६ जानेवारी
कर्सर शेवटी येतो. मग मागे सरकू लागतो. एकेक अक्षर, डावीकडे. कीबोर्डची वायर काढून पाहिली. सरकतोच. चाळीसपर्यंत पोचायला त्याला सहा सेकंद लागतात.
मी त्याआधी एंटर दाबते.

१७ जानेवारी
चार सेकंद.
मीही जलद झाले आहे.

१८ जानेवारी
अकरा वाजता एंटर दाबलं. कर्सर अर्ध्या वाटेवर होता.
देवजी दारात आले. टाकीजवळचा व्हॉल्व्ह उघडायला निघाले होते. "बोर्डावर चाळीस हाय ना, बाय? तूच धाडतेस ना तो आकडा? मंग कसलं टेन्शन. पानी सोडून येतो."
प्लांटमधला बोर्ड माझ्या अहवालावर चालतो, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. मी विचारलंही नव्हतं.
त्यांना थांबवायला हवं होतं. मी आधी मूळ आकडा पाहायला वळले. ३१०. पुन्हा दाराकडे पाहिलं तर जिन्यावर कोणी नव्हतं. खिडकीतून हाका मारल्या. पंप चालू होता.
सव्वाबाराला त्यांना बाहेर आणलं. चादर घालून.
देवलांनी अकराचा अहवाल पुन्हा मागितला, स्वच्छ. दिला.

१९ जानेवारी
१०.०० — मर्यादा काढायची ठरवलं. कमांड आणली. कर्सर शेवटी. हलत नाही. मी डावीकडे नेते — सुटून परत शेवटी.
माझा प्रोग्रॅम पुसून टाकला. तरी शेवटीच.

१०.१० — ओळ नव्याने टाइप केली, मर्यादेशिवाय. मी पाहत असताना मध्ये चाळीस उमटला. एंटर मी दाबलं नाही. अहवाल गेला.

१०.२० — मूळ आकडा २४०. खाली अकरा माणसं. विजयमालाताईंना फोन केला, प्लांट रिकामा करा म्हणून. त्यांनी देवलांना विचारलं. देवलांनी बोर्ड पाहिला. घाबरू नका, असा निरोप आला.

मूळ आकडा ३६० — एसीतून गोडसर वास. खिडकी उघडली, तर तिथूनही —
जिन्यापर्यंत गेले. पाय —
परत खुर्चीत. कशी, आठवत नाही.
कर्सर शेवटी. लुकलुकतो. वाट पाहत —

खरा आकडा पडद्यावर लिहू देत नाही. मग इथे वहीत, पेनाने. कोणीतरी वाचा. या तासाचा खरा आकडा — चारशे —