टेकडीवरचे अहवाल

४ जून

चि. चिऊस,

अनेक आशीर्वाद. विशेष, पत्र तुझ्या भावाच्या अक्षरात आहे म्हणून घाबरू नकोस. मी सांगतो आहे, तो लिहितो आहे. डाव्या डोळ्याने माझा राजीनामा घेतला आणि उजवा मनाला येईल तेव्हा कामावर हजर होतो. (ताई, हे फार भरभर सांगतात. अशुद्धलेखन माझं नाही, घाईचं आहे.)

टेकडीवरच्या क्षयरुग्णालयाच्या इतिहासाची पाच प्रकरणं हातावेगळी केली, सहाव्यात गाडं रुतलं आहे. इमारत पाडली तेव्हा तिथली कागदपत्रं गेली आणि इथलं वाचनालय तर मी कोळून प्यायलो आहे. तुझ्या शहरातल्या मोठ्या ग्रंथालयात जुने छापील वार्षिक अहवाल असणारच. चष्म्याच्या दुकानातून सुटलीस की शनिवारी जाऊन बघ.

तुला ठाऊकच आहे, माझी आई तिथे वारली. मी सहा वर्षांचा होतो, तुझी आत्या तान्ही होती. हिवाळ्याच्या सुरुवातीला आईला वर नेलं आणि हिवाळा सरायच्या आत ती गेली, असं वडिलांनी सांगितलं. तारीख कोणीच धरून ठेवली नाही. ती मला पुस्तकात तळटीप म्हणून घालायची आहे. बाकी काही मनात नाही.

जे मिळेल त्याखाली पुस्तक, साल, पान लिहीत जा. नाहीतर तो इतिहास होत नाही, चावडीवरच्या गप्पा होतात. स्वतःच्या डोळ्यांना जप, तुझं पोट त्यावर आहे. माया आहेच, ती अंतराने कमी होऊ देऊ नये.

तुझे,
बाबा

ता. क. ताई, "बाकी काही मनात नाही" हे त्यांनी मला दोनदा लिहायला लावलं. एकदाच लिहिलं. – ठोंब्या

२१ जून

ती. बाबांस,

शि. सा. न. वि. वि. दोन शनिवार ग्रंथालयात घालवले. पहिला वाया गेला. कार्डांच्या खणांमध्ये रुग्णालयाचं नाव शोध शोध शोधलं, काही नाही. दुसऱ्या खेपेस हात हलवत परतणार, तेवढ्यात संदर्भ विभागातल्या बाईंनी हटकलं. त्यांच्या चष्म्याची एक काडी वाकडी होती, माझं निम्मं लक्ष तिकडेच. त्यांनी विचारलं की हे रुग्णालय चालवत कोण होतं, आणि दरवर्षी जाब कोणाला द्यायचं. मी म्हटलं, आरोग्य खात्याला. मग खात्याच्या खणात बघा, म्हणाल्या. माणूस ज्याच्यावर लिहिलं त्याच्या नावाने शोधायला जातो, आणि पुस्तक बसलेलं असतं ज्याने छापून घेतलं त्याच्या नावाखाली.

आणि तसंच झालं! तळघरातून अहवाल वर आले, सगळ्या वर्षांचे, एकत्र बांधलेले. त्या बदल्यात मी त्यांची काडी सरळ करून दिली.

आता मुद्द्याचं. त्या हिवाळ्यात स्त्रियांच्या कक्षात झालेल्या मृत्यूंचा तक्ता मिळाला. नावं नाहीत, वयं आहेत. बहुतेक बायका चाळिशीच्या पुढच्या, एक लहान मुलगी. आजी तेव्हा चोवीसची, आणि चोवीस वर्षांची कोणी नाही. मला वाटलं छपाईची चूक असेल, म्हणून गावचं साप्ताहिक मायक्रोफिल्मवर पाहिलं. ते दर महिन्याला रुग्णालयाची बातमी द्यायचं. त्यातले आकडे तक्त्याशी जुळतात.

बाबा, साल नक्की तेच ना? रागावू नका, विचारते आहे. आत्याला साष्टांग. आपला लोभ आहे म्हणून तर हे धाडस.

आपली,
चिऊ

२९ जून

चि. चिऊस,

अनेक आशीर्वाद. साल तेच. मी पहिलीत होतो. वडील शाळेत आले, गुरुजींशी दबक्या आवाजात बोलले आणि मला घेऊन निघाले. वाटेत त्यांनी सांगितलं. त्यांचा हात गार होता. असलं साल माणूस विसरत नाही.

तुझी आत्या शेजारीच बसली आहे. ती म्हणते, पोरीला कशाला छळतोस, मी आले आणि आई गेली एवढं पुरेसं नाही का. तिला जन्मभर हेच ऐकवलं गेलं, की बाळंतपणाने आईचं अंग खालावलं आणि तिथून दुखणं जडलं. ती हे हसत सांगते. मला ते हसणं कधी सहन झालं नाही.

तू एका गोष्टीत चुकलीस. तक्ते वाचलेस आणि थांबलीस. तक्त्यांच्या मागे अधीक्षकाचं निवेदन असतं, लांबलचक आणि कंटाळवाणं. ते कोणी वाचत नाही, म्हणून माणसं तिथेच सापडतात. पुढच्या वर्षांचीही निवेदनं वाच. मृत्यूची नोंद कधीकधी उशिराने घेतात. आणि लक्षात ठेव, एक साक्षीदार म्हणजे वावडी. दुसरा मिळेपर्यंत तोंड उघडू नये.

(ताई, हल्ली हे जेवताना मध्येच थांबतात आणि तुझं पत्र आलं का विचारतात. टपालवाला आता मला बघून रस्ता बदलतो.)

प्रेम आहे ते असू दे, आळस नसू दे.

तुझे,
बाबा

१४ जुलै

चि. ठोंब्यास,

अनेक आशीर्वाद. हे पत्र मुद्दाम तुझ्या गॅरेजच्या पत्त्यावर टाकते आहे. बाबांना वाचून दाखवू नकोस. आधी हात पूस, बस, आणि मग वाच.

बाबांनी सांगितलं तसं निवेदन वाचत गेले. पुढच्या वर्षीच्या अहवालात काही नाही. त्याच्या पुढच्या वर्षीच्या अहवालात, पान एकतीसवर हे आहे. जसंच्या तसं उतरवते.

"बऱ्या झालेल्या, परंतु घरच्यांनी परत न नेलेल्या स्त्रियांमध्ये गावातील घड्याळजीची पत्नी आहे. वय सव्वीस, दोन मुले. तिला घेऊन जाण्याविषयी वारंवार कळविले. दुसरा विवाह झाला असून घरात जागा नाही, असे उत्तर आले. तिने शिवणघरात राहून काम करण्याची परवानगी मागितली. ती दिली आहे."

मी ते पान मिटलं, पुन्हा उघडलं. मग बाबांचं वाक्य आठवलं आणि दुसरा साक्षीदार शोधायला लागले. खरं सांगू, तो मिळू नये म्हणून शोधत होते. त्या वर्षीची गावची व्यापार-सूची मागवली. कोण कुठे काय विकतं, काय दुरुस्त करतं, सगळं त्यात असतं. शिंपी भरपूर, लोहार चार-पाच. घड्याळं दुरुस्त करणारा एकच. चौकातलं दुकान, आजोबांचं.

आजी तेव्हा वारलीच नव्हती रे. बरी झाली होती. पुढच्या प्रत्येक अहवालात शिवणघराचा परिच्छेद आहे आणि त्यात ती आहे. चादरी, रुग्णांचे अंगरखे, नव्या मुलींना शिवण शिकवणं. शेवटची नोंद रुग्णालय बंद झालं त्या वर्षीची. बाबा तेव्हा शाळा संपवत होते, त्याच टेकडीच्या पायथ्याशी.

आता मी काय करू? बाबांचा आजोबांवर किती जीव, ते तू पाहिलं आहेस. आणि हे दडपावं तर त्यांनीच शिकवलेलं सगळं पायाखाली घालावं लागेल. तू जवळ आहेस, तुला त्यांचा चेहरा दिसतो. तू सांगशील तसं करीन. एरवी तुझं ऐकत नाही, एवढं मोठं मन करून घे.

तुझी,
ताई

२० जुलै

ती. ताईस,

सा. न. वि. वि. तुझं पत्र दिवसभर खिशात ठेवलं. एका बसचं इंजिन उघडलं आणि पुन्हा लावताना चार नट उरले, यावरून काय ते समज.

मी ठरवलं होतं की सांगायचं नाही. पण मला खोटं जमत नाही आणि बाबांचे डोळे गेले असले तरी कान तिखट आहेत. संध्याकाळी पेपर वाचून दाखवत होतो. त्यांनी मध्येच थांबवलं आणि विचारलं की ताईचं पत्र गॅरेजवर कधीपासून यायला लागलं. टपालवाल्याने चोंबडेपणा केला होता. मी काहीतरी पुटपुटलो. ते म्हणाले, आवडला नाही म्हणून पुरावा खोटा ठरत नाही, हे मी हजार पोरांना शिकवलं आहे, तू हजार एकावा. वाच.

वाचलं. पुन्हा वाचायला लावलं. तिसऱ्यांदा फक्त एकच ओळ मागितली. मला वाटलं, जागा नसल्याची. नाही. शिवणघरात राहायची परवानगी मागितली, ती. म्हणाले, तिला तिथे कोणी ठेवलं नाही, तिने मागितलं. मग बराच वेळ हात मांडीवर आपटत बसले.

नंतर आजोबांबद्दल बोलले. आजोबांचं कामाचं टेबल आधी खिडकीशी असायचं. घड्याळजीला उजेड लागतोच. आजी गेल्याचं सांगितलं त्या सुमारास त्यांनी ते उचलून मागच्या भिंतीला लावलं आणि मरेपर्यंत दिवसाढवळ्या दिवा लावून काम केलं. गिऱ्हाईकं हसायची. बाबा लहानपणी विचारायचे तर खिडकीतून धूळ येते म्हणायचे. त्या खिडकीतून टेकडी दिसत होती, ताई. बाबा म्हणाले, दुष्ट माणूस नव्हता तो, भ्याला होता. आणि मग, भ्याला होता म्हणून काय झालं, असं स्वतःलाच ओरडून म्हणाले. मी त्यांना कधी तसं ओरडताना ऐकलं नव्हतं.

आत्याला त्यांनी स्वतः सांगितलं. मी बाहेर पायरीवर बसलो.

तुला एक काम आहे. शिवणघराच्या खिडक्या कोणीकडे उघडायच्या ते बघायला सांगितलं आहे. का, ते मी विचारलं नाही, तूही विचारू नकोस. आणि पुढे तिचं काय झालं, तेही.

माझ्यावरचा राग सोडून बाकी सगळा लोभ तसाच ठेव.

तुझा,
ठोंब्या

११ ऑगस्ट

ती. बाबांस,

शि. सा. न. वि. वि. विचारलेल्या दोन्ही गोष्टींची उत्तरं देते.

एका अहवालाच्या शेवटी इमारतीचा घडीचा नकाशा आहे. शिवणघर मागच्या अंगाला, धुलाईखान्याला लागून. खिडक्या रानाकडे. शाळा, चौक, आपलं घर, तिथून काहीच दिसत नव्हतं. बाबा, दुसरं काही लिहावं असं फार वाटलं. लेखणी थांबवून बसले होते. पण तुम्ही नकाशाचं पान विचारलं असतं. पान शेवटचं, क्रमांक नाही.

पुढचं मिळत नाही. रुग्णालय बंद झाल्यावर कामाच्या बायकांना "इतरत्र पाठविण्यात आले", एवढंच छापलं आहे. कुठे, ते नाही. शेजारच्या जिल्ह्यांच्या रुग्णालयांचे अहवाल पाहिले, साप्ताहिकाच्या पुढच्या फिल्मी फिरवल्या. संदर्भ विभागातल्या बाईंनी दोन ग्रंथालयांना पत्रं घातली, तिथूनही नकार आला. त्या म्हणाल्या की शोध कधी संपत नाही, पण छापलेलं संपतं. मला तळटीपेसाठी तारीख आणता आली नाही. जमलं नाही, बाबा.

एक गोष्ट मात्र आहे. शेवटच्या अहवालात शिवणघराचा फोटो आहे. ग्रंथालयाने त्याची मोठी प्रत काढून दिली, ती सोबत पाठवते आहे. पाच बायका आहेत, खाली कोण ते लिहिलेलं नाही. मी तासन्‌तास पाहिला. कधी हिच्यात तुमचं कपाळ दिसतं, कधी तिच्यात आत्याची हनुवटी. दिवसभर चेहरे निरखून चष्मे बसवते मी, पण इथे माझं काही चालत नाही.

पुढच्या महिन्यात येतेच आहे. तोवर आशीर्वादाचा हात वरून काढू नये.

आपली,
चिऊ

२ सप्टेंबर

चि. चिऊस,

पोटभर आशीर्वाद. मी पत्र लिहीत नाही हे तुला माहीत आहे. आज लिहिते, कारण तुझ्या भावाला हे लिहिणं झेपणार नाही आणि माझ्या भावाला दिसणार नाही.

आधी माझं सांगते. माझा जन्म म्हणजे घरात न काढायचा विषय होता. मी आले आणि ती गेली. नवी आई कधी टोचून बोलली नाही, बिचारी चांगली होती, पण मी आपली सगळ्यांच्या पुढेपुढे करत मोठी झाले, कोणाचं तरी देणं लागत असल्यासारखी. आता या वयात कळतं की मी कोणाला मारलं नाही. चिऊ, याचा आनंद व्हायला हवा ना? झाला, घटकाभर. मग मनात आलं की मी तिच्या नावाने उशीत तोंड खुपसून रडायचे, तेव्हा ती वर चादरीला टीप घालत होती. मी हाक मारली असती तर चढून जाण्याइतकं अंतर. हे कुठे ठेवू ते मला समजत नाही.

फोटो आला त्या दिवशी दादाने खुर्ची अंगणात मांडायला लावली. उन्हात धरला, तिरका धरला, डोळ्याला टेकवला. त्याला नुसता काळा डाग दिसत होता. तिला ओळखेल असा या जगात तो एकटाच उरला आहे, आणि त्याला दिसेना. मला स्वच्छ दिसत होतं, आणि मी तिला कधी पाहिलेलंच नाही.

मग तो म्हणाला की तू सांग. मी एकेकीचं वर्णन केलं. पहिली ठेंगणी, हसरी. दुसरीच्या हातात कात्री. तिसरी फोटोवाल्याकडे न बघता खाली बघते आहे. चौथी उंच, खांदे पडलेले. पाचवी खुर्चीच्या पाठीला धरून उभी. तो विचारत होता, केस कसे वळतात, मान कशी ठेवते, डावा खांदा वर आहे का. मी सांगत गेले. कपाळाला आठ्या घालून तो ऐकत होता. मग म्हणाला की त्याला तिचा चेहरा आठवतच नाही. हात आठवतो, बटण लावताना गळ्याशी यायचा तो, गरम. चेहरा कधीचाच गेला आहे, आणि हे त्याने आजवर कोणाला सांगितलं नव्हतं.

मी म्हटलं, दादा, आपण तिसरी धरू या. खाली बघणारी. ती आपली. मला कोणीतरी एक हवी होती ग.

त्याने माझा हात घट्ट धरला, पण मानेनेच नाही म्हणाला. जे ठाऊक नाही ते लिहायचं नसतं, एवढंच बोलला. फोटो पुस्तकात जाणार आहे, आख्खं पान. खाली काय छापायचं ते त्याने सांगितलं, मी कागदावर उतरवलं आणि छापखान्यात देऊन आले. तुलाही कळवते. "शिवणघरातील स्त्रिया. यांपैकी एक आमची आई."

आधी तो "माझी" म्हणाला होता. मग थांबला, माझ्याकडे तोंड वळवलं, आणि बदललं.

लवकर ये. माझी माया तुझ्या वाटेवर बसली आहे असं समज.

तुझी,
आत्या